३२ विरुद्ध १५: विजयालक्ष्मी पंडित आणि सभागृहात घडलेली मुत्सद्देगिरी

८ डिसेंबर १९४६ रोजी न्यूयॉर्कच्या फ्लशिंग मेडो भागात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीयांविषयीचा ठराव मताला पडला. बाजूने ३२, विरोधात १५, तटस्थ ७. सभासद देश तेव्हा ५४ होते, म्हणजे एकही जण मतदानाला गैरहजर नव्हता. ठराव मंजूर व्हायला दोन तृतीयांश बहुमत लागणार होतं. तटस्थ राहिलेले हिशेबात धरत नाहीत, म्हणून ४७ चे दोन तृतीयांश, म्हणजे किमान ३२. या ३२ पैकी एकानंही फिरून विरोधात मत दिलं असतं, तर ठराव पडला असता.

भारताच्या शिष्टमंडळाच्या प्रमुख होत्या विजयालक्ष्मी पंडित. परराष्ट्र सेवेतलं एकही पद त्यांनी तोवर सांभाळलेलं नव्हतं. परराष्ट्र सेवाही अजून नीट उभी राहिली नव्हती, आणि देश स्वतंत्र व्हायला आठ महिने बाकी होते. त्या संयुक्त प्रांताच्या विधानसभेतल्या आमदार होत्या, स्थानिक स्वराज्य आणि आरोग्य खात्याच्या मंत्री होत्या. पुढे मॉस्को, वॉशिंग्टन, लंडन अशा तीन राजधान्यांत त्यांनी भारताचं प्रतिनिधित्व केलं आणि आमसभेचं अध्यक्षपदही भूषवलं. पण त्यांच्या कारकिर्दीचा उलगडा करायचा तर मी या मतदानापासूनच सुरुवात करीन. जिथं सभागृह आहे, विरोधक समोर बसला आहे आणि शेवटी हात वर करून निकाल लागतो, तिथं त्या पूर्ण ताकदीनं उभ्या राहिल्या. जिथं सगळं बंद दाराआड ठरतं, तिथं त्यांच्या हाती फारसं काही लागलं नाही. हा फरक त्यांच्या राजकीय घडणीतून आलेला आहे, असं माझं मत आहे.

आनंद भवन ते लखनौ

१८ ऑगस्ट १९०० ला अलाहाबादला मोतीलाल नेहरूंच्या घरी जन्म. माहेरचं नाव स्वरूप. १९२१ मध्ये रणजित सीताराम पंडित यांच्याशी लग्न झालं आणि स्वरूपची विजयालक्ष्मी झाली. पंडितांचं घराणं मूळचं कोकणातलं, पण राजकोटला स्थिरावलेलं. रणजित बॅरिस्टर होते आणि संस्कृतचे गाढे व्यासंगी. कल्हणाच्या ‘राजतरंगिणी’चं त्यांनी केलेलं इंग्रजी भाषांतर १९३५ मध्ये प्रसिद्ध झालं. म्हणजे विजयालक्ष्मीबाई लग्नानं मराठी घरात आल्या होत्या, हे आपल्याकडे सहसा आठवणीत नसतं.

दोघांनीही तुरुंग पाहिले. विजयालक्ष्मीबाईंना तीनदा कारावास झाला, शेवटचा १९४२ च्या आंदोलनात. मात्र त्यांच्या पुढच्या कामाची शिदोरी तुरुंगापेक्षा नगरपालिकेत आणि विधानसभेत बांधली गेली. अलाहाबाद नगरपालिकेत त्या निवडून आल्या, शिक्षण समितीचं काम पाहिलं. १९३७ च्या निवडणुकीत कानपूर जिल्ह्यातल्या बिल्हौर भागातून प्रांतिक विधानसभेत गेल्या आणि गोविंद वल्लभ पंतांच्या मंत्रिमंडळात खातं सांभाळू लागल्या. ब्रिटिश हिंदुस्थानात मंत्रिपदावर बसलेल्या त्या पहिल्या महिला. खातं शोभेचं नव्हतं. गावपंचायती, पिण्याचं पाणी, साथीचे रोग, सगळं त्यांच्याकडे. १९३८ च्या हरिद्वार कुंभमेळ्यात पटकीची साथ उसळली, तेव्हा आरोग्यमंत्री म्हणून ती जबाबदारीही त्यांच्यावर आली. १९३९ मध्ये महायुद्धाच्या प्रश्नावर काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले आणि ही पहिली फेरी संपली.

दोन-सव्वादोन वर्षांचाच हा काळ. पण विरोधकाच्या उपसूचनेला जागेवरून उत्तर देणं, आपल्या मसुद्यातला कुठला शब्द सोडला तर कोण आपल्या बाजूला येईल याचा अंदाज घेणं, मतदानाआधी कोण डळमळीत आहे ते ओळखणं, ही कामं आमदाराला करावीच लागतात. वकिली किंवा सनदी नोकरी केलेल्या माणसाला त्यांचा सराव असेलच असं नाही.

जानेवारी १९४४ मध्ये रणजित पंडित वारले. बरेलीच्या तुरुंगात त्यांची प्रकृती ढासळली होती, सुटकेनंतर ती सावरली नाही. मृत्युपत्र केलेलं नव्हतं. मुलगा नाही, तीन मुली. तेव्हाच्या हिंदू वारसा कायद्यात अशा विधवेचा आणि तिच्या मुलींचा हक्क किती तुटपुंजा होता, याचा अनुभव या घराला आला. मालमत्तेवर सासरकडून दावा झाला आणि देशातल्या एका बड्या घरातली, मंत्रिपद भूषवलेली बाई एकाएकी आर्थिक अडचणीत सापडली. त्यांच्या नंतरच्या भाषणांत हक्कांबद्दल जी धार दिसते ती केवळ राष्ट्रीय चळवळीतून आलेली नाही, असं मला वाटतं. कायदा माणसाला कसा परका करतो, हे त्यांनी स्वतःच्या घरात पाहिलं होतं.

त्याच वर्षाच्या अखेरीस त्या अमेरिकेला गेल्या. जानेवारी १९४५ मध्ये व्हर्जिनियातल्या हॉट स्प्रिंग्जला पॅसिफिक देशांच्या प्रश्नांवरची परिषद होती. नंतर गावोगाव व्याख्यानं झाली. सॅन फ्रान्सिस्कोला संयुक्त राष्ट्रांची सनद तयार होत होती तेव्हा भारताचं अधिकृत शिष्टमंडळ ब्रिटिश सरकारनं नेमलेलं होतं, रामस्वामी मुदलियार त्याचे प्रमुख. विजयालक्ष्मीबाईंना आत प्रवेश नव्हता. त्यांनी बाहेर राहून पत्रकारांपुढे आणि जाहीर सभांत हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याची बाजू मांडली आणि परिषदेला निवेदन दिलं. दीड वर्षात त्याच संघटनेत त्या अधिकृत शिष्टमंडळाच्या प्रमुख म्हणून गेल्या.

प्रश्न काय होता

दक्षिण आफ्रिकेच्या संसदेनं जून १९४६ मध्ये आशियाई लोकांच्या जमीनधारणेचा आणि भारतीयांच्या प्रतिनिधित्वाचा कायदा केला. नाताळ आणि ट्रान्सवालमध्ये भारतीयांनी जमीन कुठं घ्यावी, कुठं राहावं, यावर बंधनं आली. मोबदला म्हणून संसदेत प्रतिनिधित्व देऊ केलं, पण ते प्रतिनिधी गोरेच असायला हवेत, ही अट. तिथल्या भारतीयांनी या कायद्याला ‘घेट्टो कायदा’ म्हटलं. युसुफ दादू आणि मॉन्टी नायकर यांच्या नेतृत्वाखाली डर्बनमध्ये सत्याग्रह सुरू झाला आणि पुढच्या काळात सुमारे दोन हजार लोक तुरुंगात गेले.

भारत सरकारची तक्रार २२ जून १९४६ ला दाखल झाली. अंतरिम सरकार अजून यायचं होतं. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात राष्ट्रकुल खातं नागपूरच्या डॉ. ना. भा. खरे यांच्याकडे होतं. दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडण्यासाठी आणि प्रश्न संयुक्त राष्ट्रांत नेण्यासाठी त्यांनी जोर लावला. दक्षिण आफ्रिकेतले भारताचे उच्चायुक्त होते विदर्भातले रामराव देशमुख, त्यांना परत बोलावून घेतलं गेलं. खरे मध्य प्रांताचे माजी पंतप्रधान (प्रांताच्या मुख्यमंत्र्याला तेव्हा असंच म्हणत), देशमुख विधिमंडळातून आलेले. खऱ्यांचं काँग्रेसशी हाडवैर होतं, तरी या प्रश्नावर त्यांनी घेतलेली कणखर भूमिका विसरता येत नाही. नेहरूंच्या अंतरिम सरकारनं त्यांनी रचलेल्या पायावर पुढची इमारत उभी केली.

समोर होते यान स्मट्स. दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान, फील्ड मार्शल, वय ७६. गांधीजींशी १९१४ मध्ये तडजोड करणारे हेच. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या उद्देशिकेचा मूळ मसुदाही त्यांच्याच हातचा. मानवी हक्कांचा उच्चार त्या उद्देशिकेत आहे, आणि त्याच सनदेच्या दुसऱ्या कलमातल्या सातव्या परिच्छेदाचा आधार घेऊन ते म्हणत होते की हा आमचा अंतर्गत मामला आहे, आमसभेला यात बोलायचा अधिकार नाही; शंका असेल तर आंतरराष्ट्रीय न्यायालयाचं मत घ्या.

न्यायालयाकडे जाण्याची ही सूचना वरवर अगदी रास्त वाटते, आणि म्हणूनच ती धोकादायक होती. कायद्याचा मुद्दा म्हणून प्रश्न एकदा तिकडे गेला की वर्ष-दोन वर्षं सहज जातात आणि आमसभेचे हात बांधले जातात. डळमळीत देशांना मत न देण्याचं सभ्य कारणही मिळतं.

आठ दिवस

प्रश्न आधी दोन समित्यांच्या संयुक्त बैठकीपुढे आला. भारताच्या बाजूनं कायद्याचा भाग मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एम. सी. छागला सांभाळत होते. १९२७ चा केपटाऊन करार हा दोन सरकारांमधला करार आहे, त्यामुळे विषय केवळ अंतर्गत राहत नाही, असा भारताचा युक्तिवाद होता. ब्रिटनच्या वतीनं सर हार्टली शॉक्रॉस उलट बाजू मांडत होते. शिष्टमंडळात कृष्ण मेनन होते, आणि दक्षिण आफ्रिकेत भारताचे एजंट म्हणून काम केलेले सर महाराज सिंगही. पुढे तेच मुंबईचे पहिले भारतीय राज्यपाल झाले. दक्षिण आफ्रिकेतून सोराबजी रुस्तमजी, एच. ए. नायडू आणि आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचे अध्यक्ष डॉ. झुमा न्यूयॉर्कला येऊन पोचले होते. सभागृहात बोलण्याचा अधिकार त्यांना नव्हता, पण बाहेर त्यांनी प्रतिनिधींना भेटून परिस्थिती सांगितली.

विजयालक्ष्मीबाईंनी स्वतःकडे ठेवला तो राजकीय भाग. कायद्याच्या कलमांत त्या फार शिरल्या नाहीत. हा प्रश्न वर्ण आणि वंशावरून माणसाला हीन ठरवण्याचा आहे, आणि जगातले असंख्य मूक लोक या सभेकडे न्यायासाठी पाहत आहेत, असा त्यांचा सूर होता. हा सूर नुसत्या भावनेपोटी लावलेला नव्हता. त्या सभागृहात लॅटिन अमेरिकेतले, अरब, पूर्व युरोपातले देश बसले होते. करारातल्या शब्दांवर त्यांच्यात शंभर मतं झाली असती. वंशभेदाच्या प्रश्नावर मात्र त्यांना गोऱ्या दक्षिण आफ्रिकेच्या बाजूनं उघड उभं राहणं अवघड होतं. विधानसभेत मुरलेला माणूस प्रश्नाची मांडणी अशीच करतो, की विरोधात हात वर करणाऱ्याला आपल्या लोकांपुढे उत्तर द्यावं लागेल.

दुसरी चाल त्याहून महत्त्वाची. भारताचा मूळ मसुदा कडक होता. फ्रान्स आणि मेक्सिकोनं मिळून एक सौम्य ठराव पुढे आणला. या वागणुकीमुळे दोन सभासद देशांचे संबंध बिघडले आहेत, भारतीयांना मिळणारी वागणूक उभय सरकारांमधले करार आणि सनद यांना धरून असावी, आणि दोन्ही सरकारांनी पुढच्या अधिवेशनात अहवाल द्यावा, एवढंच त्यात होतं. निषेधाचा शब्द नाही. भारतानं आपला मसुदा बाजूला ठेवून हा स्वीकारला. मायदेशी यावर नाराजी ओढवून घेणं सोपं होतं. पण या सौम्य ठरावातही मुख्य गोष्ट पदरात पडत होती: आमसभा या विषयावर बोलू शकते, ही.

३० नोव्हेंबरला समितीत मतदान झालं. बाजूने २४, विरोधात १९, तटस्थ ६. साध्या बहुमतानं ठराव पुढे गेला. पण आमसभेत दोन तृतीयांश लागणार असं सभेनं ठरवलं, आणि २४ विरुद्ध १९ हे प्रमाण त्याच्या जवळपासही नव्हतं. मधे आठ दिवस होते. या आठ दिवसांत बाजूची मतं आठानं वाढली, विरोधातली चारानं घटली. समितीत ४९ देशांनीच भाग घेतला होता, म्हणजे वाढीतला काही वाटा तेव्हा गैरहजर असलेल्यांचा असू शकतो. बाकीचा एकेका प्रतिनिधीला गाठून, समजावून मिळवलेला. न्यायालयाकडे जाण्याची स्मट्स यांची उपसूचना सभेनं फेटाळली आणि मग मूळ ठराव ३२ विरुद्ध १५ नं मंजूर झाला. अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा विरोधात होते. सोव्हिएत संघ भारताबरोबर होता.

निघण्यापूर्वी गांधीजींनी विजयालक्ष्मीबाईंना सांगितलं होतं की स्मट्सशी भांडायचं ते मुद्द्यावर, माणसाशी वैर नको. त्याच्याकडे जाऊन आशीर्वाद माग. मतदानानंतर त्या स्मट्सच्या आसनापाशी गेल्या आणि आपल्या बोलण्यानं मन दुखावलं असेल तर क्षमा करा म्हणाल्या. त्यांनी पुढे लिहून ठेवल्याप्रमाणे स्मट्सनी त्यांना सांगितलं, की हा विजय पोकळ आहे, यामुळे मी पुढच्या निवडणुकीत पडेन आणि तुमच्या हाती मात्र काही लागणार नाही.

स्मट्स यांचं म्हणणं बरंच खरं ठरलं. १९४८ मध्ये ते हरले, ‘वर्णद्वेषी’ हा शब्दही अपुरा पडावा असं मलान यांचं सरकार आलं, आणि अपार्थाइडची, म्हणजे कायद्यानं लादलेल्या वंशविभाजनाची, घडी बसू लागली. स्मट्स हरण्याची कारणं अर्थातच देशांतर्गत आणि अनेक होती. भारतीयांची स्थिती ठरावामुळे तसूभरही सुधारली नाही. नोव्हेंबर १९४७ मध्ये भारतानं पुन्हा प्रयत्न केला तेव्हा ३१ विरुद्ध १९ अशी मतं पडली आणि ठराव फेटाळला गेला. १९४६ ची जुळणी किती नाजूक होती ते यावरून कळतं.

तरीही मी त्या विजयाला पोकळ म्हणणार नाही. सभासद देशाच्या हद्दीत होणारा वंशभेद हा जगाच्या चर्चेचा विषय आहे, हे एकदा नोंदलं गेलं. १९५२ मध्ये भारत आणि इतर बारा देशांनी थेट अपार्थाइडचाच प्रश्न आमसभेपुढे आणला, त्याला आधीच्या चर्चेची वाट मिळाली होती. १९७४ मध्ये आमसभेनं दक्षिण आफ्रिकेच्या शिष्टमंडळाला कामकाजात भाग घेण्यास मज्जाव केला. सनदेचं ते कलम तेच होतं, त्याचा अर्थ बदलला होता.

मॉस्को आणि वॉशिंग्टन

ऑगस्ट १९४७ मध्ये विजयालक्ष्मीबाई सोव्हिएत संघातल्या भारताच्या पहिल्या राजदूत झाल्या. १९४९ पर्यंत त्या तिथं होत्या आणि स्टालिन यांनी त्यांना एकदाही भेट दिली नाही. त्यांच्यानंतर गेलेल्या डॉ. राधाकृष्णन यांना जानेवारी १९५० मध्ये ती मिळाली. याचा सगळा दोष त्यांच्या माथी मारणं अन्यायाचं होईल. भारताचं स्वातंत्र्य अपुरं आहे, दिल्लीचं सरकार ब्रिटनच्या ताटाखालचं आहे, असाच तेव्हा मॉस्कोचा समज होता, आणि १९५० पर्यंत वारं थोडं बदललं होतं. पण त्यांच्याजवळ जे कसब होतं त्याला मॉस्कोत जागाच नव्हती, हेही तितकंच खरं. तिथं पत्रकारांना गाठून जनमत वळवता येत नव्हतं, कुणा खासदाराला आपल्या बाजूला ओढता येत नव्हतं. अधूनमधून त्या संयुक्त राष्ट्रांच्या अधिवेशनांना जात, आणि तिथं त्यांना पुन्हा सूर सापडे.

वॉशिंग्टनला राजदूत म्हणून गेल्यावर चित्र पालटलं. १९५० च्या अखेरीस भारतात धान्याची मोठी टंचाई होती. १६ डिसेंबरला त्यांनी परराष्ट्रमंत्री डीन अ‍ॅचेसन यांच्याकडे वीस लाख टन धान्याची मागणी नेली. कोरिया आणि चीनच्या प्रश्नावर भारतानं घेतलेल्या भूमिकेमुळे अमेरिकी काँग्रेसमध्ये राग होता, आणि निर्णय शेवटी तिथंच व्हायचा होता. सुनावण्या लांबल्या, अटींवरून कुरबुरी झाल्या, नेहरूंनी अटी चालणार नाहीत असं जाहीरपणे सांगितलं. मदत अनुदानाऐवजी १९ कोटी डॉलरच्या कर्जाच्या रूपात जून १९५१ मध्ये मंजूर झाली. सहा महिने लागले, हे यश निर्भेळ नव्हतं. पण सिनेटर आणि प्रतिनिधी कसा विचार करतात, मतदारसंघाची भीती त्यांना कशी असते, हे त्या ओळखून होत्या. राजदूतानं कुठल्या दारावर थाप मारायची हे त्यांना तिथं कळत होतं.

१९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत त्या लखनौहून लोकसभेत गेल्या. पुढच्याच वर्षी, १५ सप्टेंबर १९५३ ला, आमसभेच्या आठव्या अधिवेशनाच्या अध्यक्षपदी त्यांची निवड झाली: थायलंडचे राजपुत्र वान यांच्या २२ मतांविरुद्ध ३७. या पदावर आलेल्या त्या पहिल्या महिला. अध्यक्षानं बोलायचं कमी आणि सभा चालवायची, हे काम त्यांच्या अंगवळणी पडलेलं होतं.

भावाची बहीण

त्यांच्या नेमणुकांवर आक्षेप होता आणि तो दुर्लक्ष करण्याजोगा नाही. पंतप्रधान आणि परराष्ट्रमंत्री दोन्ही जवाहरलाल नेहरू, आणि त्यांची सख्खी बहीण एकामागून एक राजधानीत. दुसऱ्या कुणाला ही दारं इतक्या सहज उघडली असती का? मला वाटतं, नाही. मॉस्कोची पहिली नेमणूक तर स्पष्टच नात्याचं वजन दाखवते. तिथं प्रतिष्ठा पाठवायची होती, पण कामाचा माणूस पाठवायला हवा होता. मात्र १९४६ चं यश या आक्षेपानं पुसलं जात नाही. फ्लशिंग मेडोच्या सभागृहात कुणी नेहरूंच्या बहिणीला मत दिलं नव्हतं. शिवाय १९३७ ची आमदारकी आणि मंत्रिपद भाऊ पंतप्रधान होण्याच्या कितीतरी आधीचं आहे.

भावाच्या घराण्याशी त्यांचं नातं शेवटी कुठं गेलं तेही पाहावं. लंडनहून परतल्यावर नोव्हेंबर १९६२ मध्ये त्या महाराष्ट्राच्या राज्यपाल झाल्या. यशवंतराव चव्हाण नुकतेच संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले होते. वर्षभरात मुख्यमंत्री मारोतराव कन्नमवार यांचं निधन झालं आणि डिसेंबर १९६३ मध्ये वसंतराव नाईक यांचं मंत्रिमंडळ आलं, ते त्यांच्याच कारकिर्दीत. मलबार हिलवरच्या राजभवनात त्या दोन वर्षंही रमल्या नाहीत. मे १९६४ मध्ये नेहरू गेले आणि त्यांच्या फुलपूर मतदारसंघाच्या पोटनिवडणुकीसाठी त्यांनी राज्यपालपद सोडलं. पुन्हा सभागृह. १९६७ मध्येही त्या जिंकल्या, पण इंदिरा गांधींच्या राजवटीत त्यांना जागा उरली नाही आणि १९६८ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. १९७७ मध्ये आणीबाणी शिथिल होऊन निवडणुका जाहीर झाल्या तेव्हा, वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी, त्या डेहराडूनहून बाहेर पडल्या आणि भाचीच्या विरोधात जाहीर सभा घेतल्या. पुढे त्यांनी संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगावर भारताचं प्रतिनिधित्व केलं. १ डिसेंबर १९९० ला त्यांचं निधन झालं.

लंडनची खुर्ची

लंडनमधल्या त्यांच्या उच्चायुक्तपदाच्या, १९५४ ते १९६१ या काळाबद्दल मी मुद्दाम शेवटी लिहितो आहे, कारण तो माझ्या मांडणीत सहज बसत नाही. तिथं मतं मोजायची नव्हती. सुवेझच्या संकटात, १९५६ मध्ये, ब्रिटनचे पंतप्रधान ईडन यांचं सरकार आणि नेहरू यांच्यात वितुष्ट आलं असताना त्यांनी संवाद तुटू दिला नाही, आणि तिन्ही राजधान्यांपैकी सर्वाधिक काळ त्या तिथं टिकल्या. माझा अंदाज असा की लंडन हे संसदेचं शहर आहे. खासदार, संपादक आणि जाहीर सभा यांच्या आधारानं काम करणाऱ्या माणसाला ते मानवतं.

हा अंदाज तपासायला आपल्याकडे चांगली सामग्री आहे. विजयालक्ष्मीबाईंच्या आधी त्या खुर्चीत मुंबई प्रांताचे मुख्यमंत्री राहिलेले बाळासाहेब खेर होते, १९५२ ते १९५४. त्यांच्या पाठोपाठ, १९६२ मध्ये, १९४६ चे त्यांचे सहकारी छागला आले. आणि १९७७ मध्ये जनता सरकारनं नानासाहेब गोरे यांना पाठवलं: गोवामुक्तीसाठी १९५५ मध्ये पोर्तुगीजांच्या हद्दीत शिरून दहा वर्षांची सजा घेतलेले, सुटल्यावर लगेच पुण्यातून लोकसभेत गेलेले, पुण्याचे महापौर आणि राज्यसभेचे सदस्य राहिलेले समाजवादी नेते. खेर सत्तेतून आलेले, गोरे आयुष्यभर विरोधी बाकांवर बसलेले, छागला न्यायासनावरून. या चौघांची लंडनची वर्षं एकमेकांशेजारी ठेवून कुणीतरी मराठीत लिहायला हवं, आणि त्यात गोऱ्यांपासून सुरुवात करावी, कारण जाहीर सभेत घडलेला माणूस दूतावासात काय करतो हा प्रश्न त्यांच्या बाबतीत सर्वांत उघडा आहे.